हेल्मेट घ्यायला निघालात? दुकानात जाण्याआधी डोकं मोजा

हेल्मेटच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "कितीपर्यंत दाखवू?" आपण म्हणतो, "हजाराच्या आसपास." मग काळं घ्यायचं की लाल यावर पाच मिनिटं जातात, आरशात एकदा बघणं होतं आणि पाकीट बाहेर निघतं. चप्पल घेताना आपण दुकानात चार पावलं चालून बघतो. हेल्मेट मात्र डोक्यावर टेकवायचं, काढायचं आणि पिशवीत टाकायचं.

खरं तर किंमत हा शेवटचा प्रश्न आहे. आधीचे तीन प्रश्न असे: डोक्याचा घेर किती, हेल्मेटवरचा शिक्का खरा आहे का, आणि पट्टा लावल्यावर ते डोक्यावरून निघतं का. या तिन्हींत पास झालेलं दीड हजाराचं हेल्मेट, डोक्यावर डुगडुगणाऱ्या पंधरा हजारांच्या हेल्मेटपेक्षा चांगलं, असं माझं ठाम मत आहे.

हेल्मेटनं काही फरक पडतो का, हा वाद आपल्याकडे अजून संपलेला नाही. पुण्यात तर सक्तीच्या विरोधात कृती समित्या झाल्या, मोर्चे निघाले. सक्ती असावी की नसावी हा राजकारणाचा विषय म्हणून बाजूला ठेवू. उपयोगाबद्दल मात्र शंका उरलेली नाही. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २००८ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूची शक्यता ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी होते. आपल्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांच्या मृत्यूची नोंद आहे. त्यातले १४,३३७ जण मागे बसलेले होते. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हेल्मेटच्या आत काय चालतं

निवड कशी करायची हे कळायला हेल्मेट काम कसं करतं ते थोडं समजून घ्यावं लागतं. बाहेरचं कवच प्लॅस्टिकचं (एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट), फायबरग्लासचं किंवा कार्बन फायबरचं असतं. ते धक्का पसरवतं, टोकदार वस्तू आत शिरू देत नाही आणि डोक्याला रस्त्यावरून घसरू देतं. पण जीव वाचवण्याचं मुख्य काम करतो तो आतला थर्माकोलचा जाड थर. टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा, पण मोजूनमापून ठरवलेल्या घनतेचा.

रस्त्यावर डोकं आपटतं तेव्हा ते थांबायला जितकं जास्त अंतर मिळेल तितका मेंदूला बसणारा दणका कमी. उघडी कवटी डांबरावर आपटली तर थांबायला दोन-तीन मिलिमीटरही मिळत नाहीत. थर्माकोल वीस-पंचवीस मिलिमीटर चेपला जातो, म्हणजे थांबायचं अंतर जवळपास दहापट होतं आणि सरासरी दणका तितक्याच पटीनं उतरतो. चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून हेल्मेट एकाच मोठ्या अपघातासाठी असतं.

आता "इथेच तर जायचंय, कोपऱ्यावर" याचं गणित. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. तेवढ्या उंचीवरून ते सरळ खाली आलं तर रस्त्याला टेकताना त्याचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर असतो. गाडी उभी असली तरीही! युरोपातल्या ईसीई २२.०६ या कडक मानकात हेल्मेट सेकंदाला ८.२ मीटरपर्यंतच्या वेगानं, म्हणजे ताशी सुमारे तीस किलोमीटरनं, लोखंडी ऐरणीवर आपटून बघतात. हा वेग गाडीच्या मानानं किरकोळ वाटतो, पण डोकं जमिनीवर आपटण्याचा वेग मुख्यतः उंचीवर ठरतो. गाडीचा वेग बराचसा घसरण्यात आणि घासण्यात जातो. सरळ खांबावर किंवा ट्रकच्या फाळक्यावर डोकं गेलं तर मात्र गणित वेगळं, आणि तिथे कुठलंच हेल्मेट हमी देत नाही. एवढं खरं की गल्लीतलं पडणं आणि हायवेवरचं पडणं, दोन्हींत डोकं सारख्याच उंचीवरून खाली येतं.

पायरी पहिली : घरी डोकं मोजा

शिवणकामाची टेप घ्या. भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून, कानांच्या वरून, मागे डोकं जिथे सर्वांत फुगीर आहे तिथून फिरवा. दोन-तीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. मोठ्या माणसांचा घेर साधारण ५४ ते ६२ सेंटीमीटरमध्ये येतो. टेप नसेल तर दोरी गुंडाळा आणि पट्टीवर मोजा.

आकडा सेंटीमीटरमध्येच लक्षात ठेवा. "मला लार्ज लागतं" या वाक्याला अर्थ नाही, कारण एका कंपनीचं लार्ज ५८० मिलिमीटरचं तर दुसरीचं ५९ ते ६० सेंटीमीटरचं. घेराचा आकडा हेल्मेटच्या आतल्या चिठ्ठीवर किंवा खोक्यावर छापलेला असतो.

एक गोष्ट टेप सांगत नाही, ती म्हणजे डोक्याचा आकार. वरून पाहिलं तर काहींचं डोकं गोलसर असतं, काहींचं पुढून मागे लांबट. घेर दोघांचाही ५८ असला तरी एकच हेल्मेट दोघांना बसेलच असं नाही. म्हणून मित्राला उत्तम बसलेलं मॉडेल आंधळेपणानं मागवू नका.

पायरी दुसरी : शिक्का बघा, आणि त्यावर लगेच विश्वास ठेवू नका

भारतात दुचाकीच्या हेल्मेटचं मानक आहे आयएस ४१५१. १ जून २०२१ पासून हा आयएसआय शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं, आयात करणं, साठवणं किंवा विकणं बेकायदा आहे. तरीही हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेली दोनशे-अडीचशेची हेल्मेटं तुम्ही रोज बघता, आणि त्यांतल्या बऱ्याच मालावर शिक्काही असतो. शिक्का हा शेवटी स्टिकर आहे. छापखाना कुठेही मिळतो.

खरा शिक्का ओळखायचा तो त्याच्यासोबतच्या आकड्यांवरून. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक ४१५१ असतो आणि खाली 'सीएम/एल'नं सुरू होणारा परवाना क्रमांक. हा क्रमांकच नसेल तर हेल्मेट तिथेच ठेवा. असेल तर मोबाइलवर भारतीय मानक ब्यूरोचं 'बीआयएस केअर' अॅप उघडा, परवाना तपासायच्या पर्यायात तो टाका आणि दोन गोष्टी बघा: कंपनीचं नाव हेल्मेटवरच्या नावाशी जुळतं का, आणि परवाना चालू आहे का. यातला दुसरा मुद्दा लोक विसरतात. २०२५ मध्ये केंद्र सरकारनं बोगस हेल्मेटविरोधी मोहीम जाहीर केली, तेव्हा दिल्लीत नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांहून जास्त हेल्मेट जप्त झाल्याचं सांगितलं होतं. त्या सगळ्यांचे परवाने मुदत संपलेले किंवा रद्द झालेले होते. म्हणजे क्रमांक एके काळी खरा असू शकतो, पण आजचा माल तपासलेला नसतो.

अॅप उघडायचं नसेल तर हातानं करायची एक तपासणी आहे. आतलं कापडी अस्तर थोडं उचला. खाली घट्ट, कडक थर्माकोल सगळीकडून दिसला पाहिजे: कपाळाशी, मागे, कानांच्या वर. नुसता स्पंज किंवा बोटानं चुरा होणारा पांढरा तुकडा दिसला तर ती पोलीसमामांना दाखवायची टोपी आहे. मामा फसतीलही, रस्ता फसत नाही.

परदेशी शिक्क्यांविषयी थोडं. अमेरिकेतला भाचा येताना 'डॉट'चं, म्हणजे तिथल्या वाहतूक खात्याच्या मानकाचं, हेल्मेट आणतो किंवा युरोपातली मैत्रीण ईसीईचं पाठवते. ईसीईचा शिक्का म्हणजे वर्तुळात इंग्रजी 'ई' आणि त्यापुढे मान्यता देणाऱ्या देशाचा आकडा. १ म्हणजे जर्मनी, ३ इटली, ४ नेदरलँड्स, ९ स्पेन. हा शिक्का मिळायला हेल्मेट बाजारात येण्याआधी प्रयोगशाळेत पास व्हावं लागतं, आणि २२.०६ या नव्या आवृत्तीत तिरक्या आपटण्याचीही चाचणी आहे. मेंदूला पीळ बसून होणाऱ्या इजेच्या दृष्टीनं ती महत्त्वाची. 'डॉट'मध्ये मात्र कंपनी स्वतःच जाहीर करते की आमचं हेल्मेट नियमात बसतं; सरकार नंतर बाजारातून नमुने उचलून तपासतं. त्यामुळे आपल्याकडच्या स्वस्त हेल्मेटवर मोठ्या अक्षरांत 'डॉट' लिहिलेलं असेल तर त्याला काडीची किंमत देऊ नका. भारतात चालवायला आयएसआय हवंच. त्याच्या जोडीला ईसीई असेल तर उत्तम, आणि दोन्ही शिक्के असलेली हेल्मेटं आता भारतीय कंपन्याही बनवतात.

पायरी तिसरी : पूर्ण, उघडं की उचलायचं

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. हनुवटी झाकणारं पूर्ण हेल्मेट घ्या. माणूस पडतो तेव्हा तोंडावरही पडतो. अपघातात हेल्मेटला मार कुठे लागला याचा जर्मनीत अभ्यास झाला, त्यात साधारण एक तृतीयांश मार हनुवटीच्या आणि तोंडाच्या भागावर निघाला. उघड्या हेल्मेटमध्ये हाच भाग मोकळा असतो. जबडा मोडणं, दात जाणं यांतून माणूस वाचतो, पण पुढचे महिने पेजेवर काढतो.

गुदमरल्यासारखं होतं, दम लागतो, चष्म्यावर वाफ धरते अशी अडचण असेल तर समोरचा भाग वर उचलता येणारं हेल्मेट बघा. ते थोडं जड असतं, आणि चालवताना समोरचा भाग खाली, खटका लागलेला हवा. उचलून चालवायचं असेल तर ईसीईच्या चिठ्ठीवर 'पी/जे' अशी दुहेरी मान्यता आहे का बघा. नुसतं 'पी' असेल तर ते बंद ठेवूनच वापरायचं. उघडं हेल्मेट घेणार असाल तर निदान कान आणि मानेच्या वरचा भाग झाकणारं घ्या.

कानांच्या वरच संपणारी अर्धी टोपी, क्रिकेटचं हेल्मेट आणि एमआयडीसीत मिळणारं पिवळं हेल्मेट, तिन्ही बाद. ते पिवळं हेल्मेट आयएस २९२५ या वेगळ्या मानकाचं असतं. वरून पडणाऱ्या वस्तूपासून ते वाचवतं. आडवं पडल्यावर डोकं सांभाळणं हे त्याचं कामच नाही.

पायरी चौथी : दुकानात अर्धा तास काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. दुकानदाराला घाई असेल तर दुकान बदला.

पट्टे दोन्ही हातांनी बाहेर ओढून धरा आणि हेल्मेट डोक्यात घाला. आत जाताना थोडं घट्ट लागलं पाहिजे. कान दुमडले तर बोटानं सरळ करा. पुढची कड भुवयांच्या वर बोटभर आली पाहिजे. वर सरकवून, कपाळ मोकळं ठेवून घालायची जी आपली पद्धत आहे तिच्यात कपाळावरच पडलात तर हेल्मेट मागे सरकतं आणि कपाळ रस्त्याला लागतं.

आता गाल. नव्या पूर्ण हेल्मेटमध्ये गाल इतके दाबले गेले पाहिजेत की बोलताना ते दातांखाली येतात की काय असं वाटावं. "साहेब, घट्ट होतंय, एक साइज मोठं देऊ?" असं दुकानदार इथेच म्हणतो, आणि इथेच नाही म्हणायचं. गालांचे पॅड वापरानं मऊ होतात, काही आठवड्यांत दाब कमी होतो. आज आरामशीर वाटणारं हेल्मेट दिवाळीपर्यंत सैल होतं.

मग हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे फिरवा, वर-खाली हलवा, डोकं मात्र स्थिर ठेवा. कपाळाची आणि गालांची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. हेल्मेट फिरलं आणि कातडी जागेवरच राहिली तर ते मोठं आहे.

यानंतरची चाचणी सगळ्यात महत्त्वाची, आणि दुकानात ती करणारा माणूस मी क्वचितच पाहिलाय. पट्टा नीट आवळून लावा. सोबतच्या माणसाला मागे उभं करा. त्यानं हेल्मेटची मागची खालची कड बोटांत पकडून वर आणि पुढे ढकलायची, हेल्मेट डोळ्यांवरून पुढे काढून टाकायचं आहे अशा बेतानं. जरा जोर लावू द्या. हेल्मेट निघालं किंवा डोळ्यांवर आलं तर ते मॉडेल बाद, मग शिक्का कुठलाही असो. अपघातात नेमकं हेच होतं. पहिल्या आपटण्यात सैल हेल्मेट उडतं आणि दुसरं आपटणं उघड्या डोक्यावर होतं.

टिकलं, तर ते डोक्यावर ठेवून पंधरा मिनिटं काढा. चहा मागवा, फोनवर बोला, इतर हेल्मेटं बघा. सगळीकडून सारखा दाब असेल तर चांगलं. कपाळाच्या मध्यावर एकाच ठिकाणी ठणका लागला आणि काढल्यावर तिथे लाल वण दिसला तर ते हेल्मेट तुमच्या डोक्यापेक्षा गोल आहे. कानशिलांवर दाब आणि कपाळाशी पोकळी असेल तर उलटं. पॅड मऊ होतील, थर्माकोलचा आकार बदलणार नाही. आकार चुकला असेल तर साइज वाढवून उपयोग नाही, मॉडेलच बदला. दोन साइजच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या. चांगल्या कंपन्यांचे गालाचे पॅड वेगवेगळ्या जाडीत मिळतात, ते बदलून मेळ घालता येतो.

आपल्याकडच्या काही खास अडचणी आहेत, त्या परदेशी पुस्तिकांत सापडत नाहीत. केसांचा अंबाडा किंवा उंच बांधलेली पोनी हेल्मेटला वर उचलून धरते. वेणी किंवा केस मानेशी, खाली बांधा आणि खरेदीला जातानाही तसेच बांधून जा. उन्हासाठी तोंडाभोवती स्टोल गुंडाळून त्यावर हेल्मेट घालायची सवय असेल तर दुकानातही स्टोल गुंडाळूनच घालून बघा. मात्र जाड घड्या डोक्यावर नकोत, हेल्मेट त्यांच्यावर तरंगतं. त्यापेक्षा पातळ सुती डोकं-झाकणी बरी. चष्मा असेल तर हेल्मेट घातल्यावर काड्या सरळ आत जातात का बघा. सरळ, बारीक काड्यांचा चष्मा बरा पडतो. काही हेल्मेटांत काड्यांसाठी खाच ठेवलेली असते.

ऑनलाइन घेणार असाल तर हे सगळं घरी करा, काचेवरचं प्लॅस्टिक न काढता, आणि परत करायची सोय आहे याची आधी खात्री करून. चिठ्ठीवरचा उत्पादनाचा महिना आणि वर्षही बघा. मोठ्या सवलतीत मिळणारं हेल्मेट कधीकधी गोदामात तीन वर्षं पडलेलं असतं.

पायरी पाचवी : पट्टा

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट कशाला म्हणायचं ते सांगितलंय, आणि त्यात पट्ट्यानं किंवा तशा बंधनानं डोक्याला घट्ट बांधलेलं असणं ही अटच आहे. बक्कल न लावता घातलेलं हेल्मेट म्हणजे कायद्याच्या लेखी हेल्मेटच नाही. कलम १९४-ड मध्ये त्यासाठी एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन सांगितलंय.

बक्कल तीन प्रकारांत मिळतं. दोन कड्यांचं सगळ्यात खात्रीचं, पट्टा दर वेळी गळ्याच्या मापानं ओढला जातो. सवय व्हायला चार दिवस लागतात. दातेरी पट्टीचं घाईत लावायला सोपं आणि घट्टपणा दातागणिक कमी-जास्त करता येतो. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतं ते खटक्याचं साधं बक्कल. त्यात एकदा ठरवलेली लांबी हळूहळू सरकते आणि पट्टा लोंबायला लागतो, म्हणून अधूनमधून ओढून बघा. पट्टा हनुवटीच्या टोकावर नको, जबड्याच्या मागे गळ्याशी हवा, आणि त्याखाली एकच बोट जाईल इतका घट्ट. तोंड मोठं उघडलं की हेल्मेट डोक्यावर दाबलं गेलं पाहिजे.

पायरी सहावी : काच, वारा आणि पाऊस

काच पारदर्शकच घ्या. काळी काच दिसते छान, पण संध्याकाळी सातनंतर तीच काच वर करून लोक चालवतात आणि डोळ्यांत चिलटं जातात, नाही तर खाली ठेवून खड्ड्यात जातात. उन्हासाठी आतून खाली येणारी गडद पट्टी असलेली हेल्मेटं मिळतात.

आपला खरा प्रश्न पावसाळ्याचा. ताम्हिणीत किंवा आंबोलीच्या घाटात धुकं, पाऊस आणि आतून वाफ एकत्र आले की समोरचा एसटीचा लाल दिवाही दिसत नाही. उपाय दोन. काच अगदी थोडी, पहिल्या खटक्यावर उघडी राहते का ते दुकानातच तपासा. तेवढ्या फटीतून वाफ जाते. दुसरा, वाफरोधक आतली काच. 'पिनलॉक' या नावानं ओळखली जाणारी ही दुसरी पातळ काच मुख्य काचेच्या आत बसते आणि दोन काचांमध्ये हवेचा थर राहतो. ती बसवायला काचेला खुंट्या लागतात, म्हणून हेल्मेट घेतानाच विचारा. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर तिच्यावरचा खर्च मी रंगीत नक्षीवरच्या खर्चाच्या आधी करीन.

चरे पडलेली काच बदलून टाका. समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश चऱ्यांवर फुटतो आणि दोन सेकंद काही दिसत नाही. काच धुवायला साबणाचं पाणी आणि मऊ ओलं फडकं पुरे. धूळ बसलेली काच शर्टाच्या बाहीनं पुसलीत तर चरे तुम्हीच पाडता. खिडक्यांच्या काचांचा फवारा नको.

चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात हेल्मेट घालणं सोपं नाही, हे मान्य. पांढरं किंवा फिकट रंगाचं घ्या, पुढे आणि वर हवेची भोकं आणि मागे बाहेर जाणारी वाट आहे का ते बघा, आतलं अस्तर काढून धुता येतं याची खात्री करा. फिकट रंग रात्री इतरांनाही लवकर दिसतो.

वजन आणि पैसे

पूर्ण हेल्मेट साधारण सव्वा ते दीड किलोचं असतं. वजनापेक्षा तोल महत्त्वाचा: पंधरा मिनिटं घातल्यावर मान पुढे ओढली जाते का ते बघा. मान दुखते, केस गळतात, हॉर्न ऐकू येत नाही या तक्रारींपैकी मानेची तक्रार सैल हेल्मेटमुळेही असू शकते. वाऱ्यानं ते हलतं आणि मान ते सावरत राहते.

बेळगावची वेगा, फरिदाबादची स्टड्स किंवा बद्दीला कारखाना असलेली स्टीलबर्ड अशा नावाजलेल्या कंपन्यांचं आयएसआय शिक्क्याचं पूर्ण हेल्मेट साधारण हजार ते दोन हजारांत मिळतं. याच कंपन्यांच्या अॅक्सर, एसएमके, इग्नाइट या वरच्या श्रेणींत आयएसआयसोबत ईसीईही मिळतं, त्याला साधारण तीन ते सहा हजार पडतात. त्यापुढचे पैसे मुख्यतः हलकेपणा, शांतता, चांगली काच आणि नाव यांचे. रोज पन्नास किलोमीटर हायवेनं जाणाऱ्यानं ते द्यावेत. शाळा-बाजार-ऑफिस एवढ्यासाठी दोन हजारांचं नीट बसलेलं पुरतं, आणि उरलेल्या पैशांत दुसरं हेल्मेट येतं.

दुसरं हेल्मेट

मगाशी लक्षात ठेवायला सांगितलेला आकडा इथे लागतो. घरातलं चांगलं हेल्मेट चालवणाऱ्याच्या डोक्यावर आणि नवी गाडी घेताना मिळालेलं मापाबाहेरचं हेल्मेट मागच्या सीटवर, ही आपली रीत. मागे बसलेल्याच्या हातात हँडल नसतं आणि समोरचा खड्डा त्याला दिसत नाही. त्याच्या अंगाला सावरायला वेळच मिळत नाही. आईला, बायकोला दुकानात सोबत न्या आणि त्यांच्या मापाचं घ्या. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बाईला तर ते जास्तच गरजेचं.

मुलांचं वेगळंच. पगडी बांधणारे शीख सोडले तर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक आहे. फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलालाही त्याच्या डोक्याला बसणारं हेल्मेट हवं. दुचाकीचं नसेल तर नियमात सांगितलेल्या मानकाचं सायकलचं हेल्मेट चालतं. चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा सुरक्षा पट्टा हवा आणि गाडीचा वेग ताशी चाळीसच्या आत. "वाढतं वय आहे, मोठं घेऊ" हा शाळेच्या बुटांचा हिशेब इथे चालत नाही. डोकं दर सहा महिन्यांनी मोजा आणि घट्ट झालं की बदला. फळीवर उभं राहून जाणाऱ्या मुलाच्या डोक्यावर बाबांचं हेल्मेट बघितलं की माझा जीव वरखाली होतो, कारण पट्ट्याचं वर्तुळ त्याच्या गळ्यापेक्षा दुप्पट असतं.

घरी आणल्यावर

आरशावर टांगू नका. आरशाचा कोपरा आतला थर्माकोल दाबतो. पेट्रोलच्या टाकीवर ठेवलं तर खाली पडतं, आणि पेट्रोलची वाफ थर्माकोलला मारक आहे. थिनर, स्प्रेचा रंग, कडक गोंदाचे मोठे स्टिकर यांनी प्लॅस्टिकचं कवच कमकुवत होऊ शकतं. कॅमेरा बसवायला भोक पाडू नका. डिकीत ओलं हेल्मेट कोंबलं की दोन दिवसांत वास मारतं. पावसात भिजलं तर अस्तर काढून पंख्याखाली वाळवा, कडक उन्हात किंवा हीटरपुढे नको.

रिकामं हेल्मेट कमरेच्या उंचीवरून एकदा पडलं म्हणून ते लगेच निकामी होत नाही, पण कवचाला तडा, थर्माकोलमध्ये खाच किंवा भेग दिसली तर बदला. डोक्यावर असताना जोरात आपटलं असेल तर बाहेरून चकचकीत असलं तरी बदलाच. आतली चेप अस्तराखाली लपते. अपघात नाही झाला तरी घाम, ऊन आणि तेल यांचा विचार करून साधारण पाच वर्षांनी नवं घ्यावं, असं स्नेल ही अमेरिकेतली हेल्मेट तपासणारी संस्था सुचवते. रोज वापरत असाल तर गालाचे पॅड त्याआधीच सैल होतील. मागून ढकलायची ती चाचणी वर्षातून एकदा घरीच करा.

रस्त्यात पडलेला कुणी दिसला आणि तो नीट श्वास घेत असेल तर त्याचं हेल्मेट ओढून काढायची घाई करू नका. मानेला इजा असेल तर त्या ओढण्यानं कायमचं नुकसान होऊ शकतं. काच वर करा, पट्टा सैल करा, बोलत राहा आणि १०८ ला फोन करा. श्वास बंद असेल किंवा तोंडात रक्त, उलटी साचत असेल तर मात्र काढावंच लागतं, आणि ते दोघांनी: एकानं खालून मान आणि जबडा स्थिर धरायचा, दुसऱ्यानं दोन्ही बाजू फाकवून हळूहळू सरळ रेषेत ओढायचं. हेल्मेट दवाखान्यात सोबत द्या; मार कुठे लागला हे डॉक्टरांना त्यावरून कळतं.

बाद झालेलं हेल्मेट भंगारवाल्याला देण्याआधी त्याचा पट्टा कात्रीनं मुळाशी कापा आणि कवचावर मार्करनं मोठी फुली मारा. तसंच दिलं तर ते धुऊन, पुसून कुणाच्या तरी डोक्यावर परत जातं.